अकापुल्को : जहाजाची वाट पाहणारे शहर

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील अकापुल्को म्हटले की उंच हॉटेलांची रांग, पहाटेपर्यंत जागणारे नाइटक्लब आणि कड्यावरून समुद्रात झेपावणारे तरुण डोळ्यांपुढे येतात. हे शहर विसाव्या शतकाने सुट्टीसाठीच वसवले, अशी तिथे उतरणाऱ्या पर्यटकाची समजूत होते. वस्तुतः दुरून येणाऱ्यांच्या जिवावर जगण्याचा अकापुल्कोचा व्यवसाय साडेचारशे वर्षांचा आहे. आणि त्या किनाऱ्यावर हक्क कोणाचा, हा तंटा अद्याप मिटलेला नाही. (थ्रेड)

या शहराला पहिले दान दिले ते भूगोलाने. तिन्ही अंगांनी डोंगर, मधोमध अर्धचंद्राकृती उपसागर आणि काठालगतही खोल पाणी. मोठी गलबते वादळापासून निर्धास्त राहतील असे बंदर त्या किनाऱ्यावर दुर्मीळ होते.

मेक्सिकोहून फिलिपिन्सला जाणे स्पॅनिश खलाशांना साधले होते. परतणे साधत नव्हते, कारण ज्या वाऱ्यांनी नेले तेच वारे वाट अडवीत. १५६५ मध्ये आंद्रेस दे उर्दानेता या ऑगस्टिनियन संन्याशाने जहाज उत्तरेला जपानच्या अक्षांशांपर्यंत चढवले, तिथले पश्चिमी वारे धरले, कॅलिफोर्नियाचा किनारा गाठला आणि तिथून खाली उतरत ऑक्टोबरमध्ये अकापुल्कोला नांगर टाकला. आशिया आणि अमेरिका यांच्यात नियमित ये-जा सुरू झाली ती या वाटेने.

पुढे १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, मनिलाचे गलबत अकापुल्कोला येत राहिले. १५९३ च्या राजाज्ञेने वर्षाला दोनच जहाजांची मर्यादा घातली. प्रवास चार ते सहा महिन्यांचा. वाटेत कितीतरी माणसे स्कर्व्हीने मरत. जहाजातून चिनी रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले आणि हिंदुस्थानचे सुती कापड उतरे. परतताना त्याच जहाजात मेक्सिकोची चांदी चढे.

जहाज दिसले की जत्रा भरे. राजधानीचे व्यापारी खेचरांचे तांडे घेऊन डोंगर उतरत, आणि काही आठवडे गावात पाय ठेवायला जागा नसे. मग माल वर जाई, जहाज निघून जाई आणि उरे उकाडा. १८०३ मध्ये तिथे आलेल्या हुम्बोल्टने वस्ती एरवी चार हजार आणि जहाज आल्यावर नऊ हजार असल्याचे नोंदवले आहे. कायम राहणारे बहुतेक आफ्रिकी, आशियाई व मूलनिवासी वंशाचे कष्टकरी होते. नफा मात्र गावात थांबत नसे.

त्या जहाजांतून माणसेही विकायला येत. आशियातून आलेल्या कोणालाही, मग तो मलबारचा असो की मनिलाचा, तिथे ‘चिनो’ म्हणत. १६२० च्या आसपास अशीच एक मुलगी अकापुल्कोला उतरवली गेली. तिच्या चरित्रकारांनी ती मोगल मुलखातली, मूळ नाव मिर्रा, असे लिहून ठेवले आहे. पोर्तुगीज चाच्यांनी तिला पळवले, कोचीनला बाप्तिस्मा देऊन तिचे नाव कातारिना दे सान हुआन ठेवले आणि मनिलाच्या बाजारातून ती प्वेब्ला शहरातील एका घरी पोहोचली. १६८८ मध्ये ती वारली तेव्हा लोक तिला संत मानत होते. काही वर्षांतच इन्क्विझिशनने तिच्या चित्रांवर बंदी घातली. मेक्सिकोतील ‘चिना पोब्लाना’ हा प्रसिद्ध पोशाख तिने आणला असे सांगतात. कथा गोड असली तरी तो पोशाख तिच्यानंतर शतकाहून अधिक काळाने रूढ झाला. आशियाई गुलामांना मुक्त करण्याचा स्पेनचा हुकूम १६७२ चा. तोपर्यंत तिचे बरेचसे आयुष्य सरले होते.

काही खलाशी परतीच्या जहाजावर चढलेच नाहीत. फिलिपिन्सच्या या माणसांनी किनाऱ्यावर माड लावले आणि माडी काढण्याची विद्या शिकवली. तिला तिथे आजही फिलिपिनो नावानेच, ‘तुबा’ म्हणतात. मेक्सिकोचा लाडका आंबाही ‘मनिला’ याच नावाने ओळखला जातो.

१८१३ मध्ये मोरेलोसच्या क्रांतिसेनेने अकापुल्कोचा सान दिएगो किल्ला घेतला. दोन वर्षांनी शेवटचे गलबत परतले आणि गाव शतकभर पेंगत राहिले.

जाग आली ती १९२७ मध्ये, मेक्सिको सिटीहून मोटाररस्ता पोहोचला तेव्हा. १९४६ ते १९५२ राष्ट्राध्यक्ष असलेल्या मिगेल आलेमान यांनी विमानतळ, हॉटेले आणि उपसागराला वळसा घालणारा प्रशस्त मार्ग यांवर सरकारी पैसा ओतला. तो मार्ग आजही त्यांच्याच नावाने आहे. तिथल्या जमिनींपैकी कित्येक ‘एहिदो’ होत्या, म्हणजे क्रांतीनंतर गावकऱ्यांना सामुदायिक कसणुकीसाठी मिळालेल्या. त्या सार्वजनिक हिताच्या नावाखाली काढून घेतल्या गेल्या आणि त्यांवर हॉटेले व बंगले उठले. त्या काळातील नटनट्यांच्या आठवणींत या व्यवहाराचा उल्लेख सहसा नसतो.

कारण तो काळ झगमगाटाचा होता. १९५३ मध्ये जॉन आणि जॅकलिन केनेडी मधुचंद्राला आले. पडद्यावरचा टार्झन जॉनी वाइसमुलर तिथेच स्थायिक झाला आणि १९८४ मध्ये तिथेच वारला. १९६३ च्या चित्रपटात एल्विस प्रेस्ली अकापुल्कोत गातो खरा, पण त्यासाठी तो अकापुल्कोला गेलाच नव्हता. त्याचे प्रसंग हॉलिवूडच्या स्टुडिओत चित्रित झाले. ला केब्रादाच्या सुमारे ३५ मीटर उंच कड्यावरून उडी घेणाऱ्यांना अशी सोय नव्हती. खालची घळ अरुंद, पाणी उथळ. लाट आत शिरते तेवढ्या क्षणातच खाली पोहोचावे लागते. १९३० च्या दशकापासून स्थानिक तरुण हे करत आले आहेत.

गलबतांसोबत आलेल्या माडांवर तोवर हजारो शेतकऱ्यांचा संसार उभा होता. २० ऑगस्ट १९६७ रोजी खोबरे उत्पादक आपल्या संघटनेच्या कारभाराचा जाब विचारायला अकापुल्कोत जमले, तेव्हा त्यांच्यावर गोळीबार होऊन अनेकजण ठार झाले. जगाच्या लेखी ते शहर तेव्हाही सहलीचे ठिकाणच होते.

हॉटेलांत राबणारे राहत कुठे? उपसागरासमोरच्या डोंगरउतारांवर, झोपड्यांत. १९८० मध्ये राज्य सरकारने त्यांतील हजारो कुटुंबे हलवून डोंगरापलीकडे, समुद्र दिसणार नाही अशा ठिकाणी वसवली. त्या वसाहतीचे नाव ‘रेनासिमिएंतो’, म्हणजे पुनर्जन्म. उतार पुन्हा भरलेच. ऑक्टोबर १९९७ मध्ये पॉलिन चक्रीवादळाचा पाऊस त्या ओढ्यांतून घुसला आणि शंभराहून अधिक माणसे गेली.

२५ ऑक्टोबर २०२३ रोजी ओटिस आले. एका दिवसात साध्या वादळाचे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ झाले. सावध व्हायला वेळच मिळाला नाही. समुद्राकाठच्या हॉटेलांचे नुसते सांगाडे उरले. ती पुन्हा उभी राहत असतानाच सप्टेंबर २०२४ मध्ये जॉन वादळाने दिवसच्या दिवस पाऊस ओतला. या वेळी पाणी शिरले ते डोंगरापलीकडच्या, ला सबाना नदीकाठच्या सखल वस्त्यांत.