मंडळीतील मुले : संगीत नाटक मंडळ्यांतील बालनटांचे शिक्षण आणि कोरियन मालिका ‘ड्रीम हाय’ – एक तौलनिक विचार

प्रास्ताविक

दक्षिण कोरियाच्या केबीएस वाहिनीवर जानेवारी व फेब्रुवारी २०११ मध्ये ‘ड्रीम हाय’ ही १६ भागांची मालिका प्रसारित झाली. किरिन नावाच्या एका काल्पनिक कला विद्यालयात गायन व नृत्याचे शिक्षण घेऊन लोकप्रिय गायक होऊ पाहणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींची ही कथा होय. कोरियन मालिका आणि कोरियन संगीत यांचा प्रेक्षकवर्ग आज महाराष्ट्रातील महाविद्यालयांतही आढळतो. मुले एका छताखाली ठेवावीत, त्यांना गाणे, चालणे, बोलणे शिकवावे आणि त्यांतून प्रेक्षकांचे लाडके दैवत घडवावे, ही कल्पना या प्रेक्षकाला सर्वस्वी परकी व आधुनिक वाटते. वस्तुतः मराठी समाजाने ही व्यवस्था शंभर वर्षांपूर्वी आपल्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. संगीत नाटक मंडळीचे बिऱ्हाड हे तिचे नाव.

प्रस्तुत निबंधात या दोन व्यवस्थांची तुलना केली आहे. मात्र कोणती श्रेष्ठ आणि कोणती कनिष्ठ हे ठरविणे हा येथे हेतू नाही. मंडळीने मुलाला कला दिली. पण त्या कलेचा हिशेब, तिची मुदत आणि ती संपल्यावरचे आयुष्य यांविषयी मुलाच्या हाती काय होते, हा प्रश्न येथे विचारावयाचा आहे. मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनात हा प्रश्न अभावानेच विचारला गेला आहे.

‘ड्रीम हाय’चे कथाविश्व

मालिकेची नायिका गो हये-मी ही अभिजात पाश्चात्त्य गायनाचे शिक्षण घेतलेली मुलगी आहे. वडिलांच्या कर्जापायी तिला किरिन विद्यालयात जावे लागते. लोकप्रिय संगीताविषयी तिच्या मनात प्रारंभी तुच्छताच असते. नायक सोंग साम-दोंग हा खेड्यातून आलेला, उपजत प्रतिभेचा मुलगा; पुढे त्याच्या श्रवणशक्तीवर आघात होतो. याच विद्यार्थ्यांपैकी एक जण पुढे ग्रॅमी पुरस्काराचा मानकरी ठरतो, या भविष्यातील घटनेच्या चौकटीत सारी कथा बसविलेली आहे. म्हणजेच ती आरंभापासूनच विजेत्याच्या टोकाकडून सांगितली जाते.

मालिकेच्या निर्मितीत पार्क जिन-यंग यांच्या जेवायपी या संस्थेचा सहभाग होता आणि पार्क यांनी स्वतः तीत शिक्षकाची भूमिकाही केली. जेवायपी ही प्रत्यक्षात मुलांना प्रशिक्षण देऊन गायकसमूह उभे करणारी संस्था आहे. सूझी, तेक्योन व वूयंग हे मालिकेतील प्रमुख कलावंत याच संस्थेच्या समूहांतील होते. घडविणारी संस्थाच घडविण्याची कथा सांगत होती, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

घाटातील वाट आणि फिरती मंडळी

मराठी मंडळ्यांचे जीवन फिरतीचे होते आणि या फिरतीचा संबंध खंडाळ्याच्या घाटाशी आहे. सांगलीचे विष्णुदास भावे यांनी आपल्या मंडळीसह १८५३ साली मुंबईत प्रयोग केले, तेव्हा या घाटात रेल्वे नव्हती. पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला. परंतु खंडाळ्याहून खाली उतरण्यास पालखी, तट्टू किंवा स्वतःचे पाय हीच साधने होती. अनेक बोगदे खणून भोर घाटातील मार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला आणि मुंबई व पुणे ही दोन मोठ्या प्रेक्षकवर्गाची शहरे सलग जोडली गेली. त्यानंतर १७ वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पुण्यात प्रयोग झाला.

पडदे, पेट्या, वाद्ये आणि माणसांचा मोठा ताफा घेऊन गावोगाव मुक्काम करणारी मंडळी रेल्वेच्या आधाराने वाढली. या ताफ्यात मुलेही असत. घर सोडलेल्या मुलासाठी मंडळीचे बिऱ्हाड हेच घर, तेथील पंगत हेच अन्नछत्र आणि तेथील तालीम हीच शाळा होती. कोरियन संस्थांतील प्रशिक्षणार्थींच्या निवासगृहाशी या बिऱ्हाडाचे असलेले साम्य लक्षणीय आहे.

मंडळीतील शिक्षण

त्या काळी स्त्रियांच्या भूमिका मुख्यत्वे पुरुष करीत असल्याने कोवळ्या आवाजाच्या मुलांना मंडळ्यांत विशेष मागणी होती. कोल्हापूरचे केशवराव भोसले (१८९०–१९२१) हे अगदी लहान वयात स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’मधील शारदेच्या भूमिकेने त्यांना बालपणीच कीर्ती मिळाली. बाला-जरठ विवाहाविरुद्ध लिहिलेल्या त्या नाटकात बालिकेची व्यथा मांडणारा नट स्वतःच बालक होता, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

गोमंतकातील मंगेशी येथे १९०० साली जन्मलेले दीनानाथ मंगेशकर १९१४ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. पुढे चित्रपती म्हणून ख्याती पावलेले व्ही. शांताराम यांनीही किशोरवयात गंधर्व नाटक मंडळीत उमेदवारी केली. दामूअण्णा जोशी यांची बालमोहन ही तर मुलांचीच मंडळी. सौदागर नागनाथ गोरे हा मुलगा वयाच्या दहाव्या वर्षी, १९२८ साली, तीत आला व पुढे छोटा गंधर्व या नावाने प्रसिद्ध झाला.

या शिक्षणाची प्रत उच्च होती, हे मान्य केले पाहिजे. देवलांसारखा नाटककार स्वतः तालीम घेत असे. शब्दाचा उच्चार, हाताची ठेवण, पदर सावरण्याची रीत अशा सूक्ष्म गोष्टी घोटून घेतल्या जात. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्यासारख्या थोर गायकाची तालीम बालगंधर्वांना लाभली, तर रामकृष्णबुवा वझे यांचे मार्गदर्शन केशवराव व दीनानाथ यांना मिळाले. घराण्यांची बंदिस्त विद्या मंडळीच्या द्वारे सर्वसामान्य कुटुंबांतील मुलांपर्यंत आणि त्यांच्या कंठातून तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. अभिजात व लोकप्रिय यांमधील जे अंतर हये-मीला असह्य वाटते, ते मंडळीने आपल्या पद्धतीने कधीच ओलांडले होते.

बालगंधर्व (१८८८–१९६७) यांचे उदाहरण येथे थोडे वेगळे आहे. किर्लोस्कर मंडळीत ते १९०५ साली, म्हणजे किशोरवयाच्या अखेरीस आले. त्यांनाही कानाच्या विकाराने ग्रासले होते व शाहू महाराजांच्या आश्रयामुळे मिरजेस त्यांच्यावर उपचार होऊ शकले. गायकाच्या श्रवणावर घाला येण्याचा प्रसंग मालिकाकारांनी कल्पिला असला तरी मराठी रंगभूमीला तो अपरिचित नव्हता. फरक इतकाच की, येथे आधार मिळाला तो संस्थेच्या नियमाने नव्हे, तर एका उदार राजाच्या इच्छेने.

कंठ फुटल्यानंतर

मुलाचा आवाज हे मंडळीचे भांडवल होते आणि हे भांडवल निसर्गतःच अल्पमुदतीचे होते. कंठ फुटला की कालची शारदा आज रंगमंचावर उभी राहू शकेलच याची शाश्वती नसे. ज्यांचा आवाज पुन्हा जुळला ते मोठे नट झाले. ज्यांचा जुळला नाही त्यांना किरकोळ भूमिका, पडद्यामागचे काम किंवा गावाकडची वाट एवढेच पर्याय उरत.

ज्यांच्या अंगी सामर्थ्य होते त्यांनी या असुरक्षिततेवर एक उपाय शोधला. तो म्हणजे स्वतः मालक होणे. केशवरावांनी १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे ललितकलादर्श ही मंडळी स्थापन केली, तेव्हा त्यांना वयाची १८ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. बालगंधर्वांनी गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह १९१३ साली किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. दीनानाथांनी चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासमवेत १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी उभारली. छोटा गंधर्व यांनीही पुढे ‘कलाविकास’ ही आपली संस्था काढली. या फुटींकडे आजवर प्रामुख्याने मानापमानाच्या व भाऊबंदकीच्या कथा म्हणून पाहिले गेले. परंतु शिकविलेल्या नटाला न्याय्य वाटा देऊन टिकवून धरणारी कोणतीही स्थिर व्यवस्था मंडळ्यांपाशी नव्हती, असाही त्यांचा अर्थ होतो.

मालक झाल्याने तरी सुरक्षितता आली काय? बालगंधर्वांची ऐन उमेदीची वर्षे मंडळीचे कर्ज फेडण्यात गेली. बोलपटांच्या लाटेत त्यांना १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात काम करावे लागले आणि त्याचे दिग्दर्शक होते त्यांच्याच मंडळीत एकेकाळी उमेदवारी केलेले व्ही. शांताराम. दीनानाथांचे २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात निधन झाले. त्यावेळी १२ वर्षांच्या असलेल्या त्यांच्या ज्येष्ठ कन्या लता यांना त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात काम करून घराचा भार उचलावा लागला. मंडळीच्या मालकाच्या मुलीची ही स्थिती, तर पंगतीच्या शेवटच्या पाटावर बसणाऱ्या मुलाची काय कथा?

१९३० नंतर बोलपट आले, स्त्रिया रंगभूमीवर येऊ लागल्या आणि मुलांची ही वाट हळूहळू बंद झाली. स्त्रीभूमिका स्त्रियांनी करणे हे निःसंशय पुढचे पाऊल होते. त्याच वेळी, केवळ स्त्रीभूमिकेसाठी घडविलेल्या मुलांचे पुढे काय झाले, याकडे मात्र कोणी वळून पाहिले नाही.

साधनांचा प्रश्न

या मुलांविषयी आपणास जी माहिती आहे ती कोठून येते, हेही पाहिले पाहिजे. बोडसांचे ‘माझी भूमिका’, टेंब्यांचे ‘माझा जीवनविहार’ आणि कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ ही मराठी रंगभूमीच्या इतिहासाची मौलिक साधने होत. ‘बहुरूपी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कारही लाभला. तथापि हे तिघेही लेखक कधी ना कधी मंडळीचे भागीदार होते. त्यांचे कथन प्रामाणिक असले तरी ते यशस्वी माणसांचे व चालकांच्या बाजूचे कथन आहे. अर्ध्यातून घरी परतलेल्या मुलाने आत्मचरित्र लिहिल्याचे उदाहरण शोधावे लागेल.

‘ड्रीम हाय’ची चौकट आणि आपली साधने येथे एकमेकांस येऊन मिळतात. दोन्ही ठिकाणी कथा विजेता सांगतो आणि दोन्ही ठिकाणी सांगणाऱ्याचे नाते घडविणाऱ्या संस्थेशी आहे. कष्ट केले, अपमान सोसला आणि शेवटी यश मिळाले, ही मांडणी त्यामुळे स्वाभाविक वाटू लागते. कष्ट करूनही ज्यांना यश मिळाले नाही ते कथेबाहेर राहतात आणि कालांतराने इतिहासाबाहेरही जातात.

उपकारापासून नियमापर्यंत

कोरियात हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. टीव्हीएक्सक्यू या समूहातील तिघा गायकांनी २००९ साली एसएम एंटरटेनमेंट या संस्थेशी झालेल्या १३ वर्षांच्या कराराविरुद्ध दाद मागितली. त्याच वर्षी तेथील निष्पक्ष व्यापार आयोगाने नमुना करार तयार करून त्याची मुदत ७ वर्षांपर्यंत मर्यादित केली. २०१४ च्या कायद्याने १५ वर्षांखालील कलावंतांसाठी आठवड्याला ३५ तासांची मर्यादा घातली. म्हणजे मालिका प्रसारित झाली तेव्हा तेथील समाज या विषयावर प्रत्यक्ष झगडत होता. मालिकेत त्या झगड्याचा केवळ पुसट ध्वनी ऐकू येतो.

भारतात १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने बालकलावंतांना सशर्त मुभा दिली. त्यानुसार २०१७ मध्ये झालेल्या नियमांनी दिवसाला ५ तासांहून अधिक काम घेण्यास मनाई केली आणि मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवणे बंधनकारक केले. मंडळीच्या काळातील कोणत्याही मुलाला अशी ठेव लाभली नव्हती.

दरम्यान मराठी मुलांच्या कीर्तीचे स्थान बदलले होते. झी मराठीवरील ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’च्या २००८–०९ च्या पर्वाने कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन व रोहित राऊत ही नावे घराघरांत नेली. हेच पाच जण २०२१ च्या पर्वात परीक्षकांच्या स्थानी बसले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु एक मूलभूत भेद विसरता येत नाही. मंडळी मुलाला शिकवीत असे. वाहिनी शिकून आलेल्या मुलाची निवड करते. शिक्षणाचा सारा भार आता कुटुंबावर आहे. जेथे कुटुंब तो पेलू शकत नाही तेथील प्रतिभा मंचापर्यंत पोहोचण्याची शक्यताच कमी होते. त्या बाबतीत मंडळीचे दार अधिक रुंद होते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. मुलांना एकत्र ठेवून कलावंत घडविण्याची व्यवस्था ही कोरियाची एकट्याची निर्मिती नव्हे; मराठी संगीत नाटक मंडळ्यांनी ती आपल्या परीने सिद्ध केली होती. या व्यवस्थेने गरीब व ग्रामीण मुलांना श्रेष्ठ दर्जाची विद्या दिली. मात्र त्यांचे भवितव्य मालकाच्या सौजन्यावर, राजाश्रयावर आणि स्वतःच्या कंठावर सोपविले. संरक्षणाचा लिखित नियम फार उशिरा आला आणि तो आला तेव्हा शिकविणारी मंडळी उरली नव्हती.

संगीत रंगभूमीच्या इतिहासाचे लेखन यापुढे नटसम्राटांच्या नामावळीवर थांबू नये. मंडळ्यांच्या हिशेबवह्या, पत्रव्यवहार, जुन्या जाहिराती आणि कुटुंबांतून अजूनही सांगितल्या जाणाऱ्या आठवणी यांचा शोध घेतला, तर जाहिरातीच्या तळाशी ‘मास्टर’ एवढ्या उपपदाने छापलेल्या मुलांपैकी काहींचा मागोवा लागू शकेल. ज्या आवाजांवर एका समाजाने दोन पिढ्या जीव ओवाळून टाकला, त्यांतील निदान काहींना त्यांची नावे परत मिळवून देणे हे मराठी रंगभूमीच्या अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.