थ्री-नॉट-थ्री : एका सोशिक शस्त्राची कथा

शियालदहहून उत्तरेकडे जाणाऱ्या लोकल गाडीत बसले असता तासाभराच्या आत तीन स्थानके मागे पडतात, आणि त्या तिन्ही स्थानकांची नावे बंदुकीच्या इतिहासात कोरलेली आहेत, हे त्या गर्दीत कोणाच्या ध्यानीही येत नाही. पहिले दमदम, दुसरे बराकपूर आणि तिसरे इच्छापूर. नोकरीच्या निमित्ताने आम्ही बंगालमध्ये आलो तेव्हा ही नावे आमच्या दृष्टीने केवळ वेळापत्रकातील नावे होती. पुढे रविवारच्या रिकाम्या वेळात वाचन घडत गेले, आणि या एका लोहमार्गाच्या कडेने आपल्या देशाच्या दीडशे वर्षांच्या शस्त्रकथेचा मोठा भाग पसरलेला आहे, हे उमगले. त्या कथेचा नायक म्हणजे आपल्या सर्वांच्या ओळखीची ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफल होय.

ओळखीची म्हणावयाचे कारण असे की, आमच्या पिढीतील ज्या कोणाचे बालपण तालुक्याच्या गावी गेले, त्याने कोषागाराच्या दाराशी उभ्या असलेल्या शिपायाच्या खांद्यावर ती पाहिलेलीच असते. लाकडी दस्ता घासून गुळगुळीत झालेला, लोखंडाचा काळा रंग जागोजाग उडालेला, आणि पट्टा कधीकाळचा कोण जाणे. ती बंदूक उडते तरी का, असा प्रश्न मुले विचारीत. उत्तर असे की, बहुधा उडे. आणि तीच तिची थोरवी, तसेच पुढे दिसेल त्याप्रमाणे, तिचा शापही.

या बंदुकीचे इंग्रजी नाव ली-एन्फील्ड. त्यातील ली म्हणजे जेम्स पॅरिस ली. १८३१ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला हा यंत्रज्ञ. काडतुसे एकावर एक रचून खालून स्प्रिंगने वर ढकलणाऱ्या पेटीचे, म्हणजे मॅगझिनचे, एकस्व त्याने १८७९ मध्ये मिळविले. ब्रिटिश सैन्याने १८८८ मध्ये त्याची रचना स्वीकारली, तेव्हा नळीतील आटे मेटफर्ड नावाच्या अभियंत्याचे होते. ते उथळ होते. जुन्या काळ्या दारूला ते चालले. परंतु कॉर्डाइट नावाची नवी, धूरविरहित व अधिक उष्ण दारू आली, आणि नळ्या भराभर झिजू लागल्या. म्हणून १८९५ मध्ये एन्फील्ड येथील कारखान्याने पाच खोल आट्यांची नळी बसविली आणि ली-एन्फील्ड हे नाव रूढ झाले. नळीच्या पोकळीचा व्यास ०.३०३ इंच, त्यावरूनच आपल्या शिपायांचे ‘थ्री-नॉट-थ्री’. १९०७ साली तिचे जे तिसरे आखूड रूप मान्य झाले, तेच पुढे हिंदुस्थानात दोन पिढ्या वापरात राहिले.

ही बंदूक इतकी टिकली कशामुळे? यंत्रशास्त्रात आमची गती बेताचीच. तरी जे समजले ते असे. काडतूस आत सारून बंद करणारा जो बोल्ट, त्याला अडकविणारे दात जर्मन माउझर बंदुकीत पुढच्या टोकाला, नळीच्या मुखाशी, असत. लीने ते मागच्या बाजूस ठेवले. त्यामुळे चिखल अडकून बसेल अशी खोल खाच आत राहिली नाही, आणि मागची जागा बोटाने पुसण्याइतकी मोकळी झाली. दुसरे असे की, काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड होती. काडतूस त्या कडेवर टेकून आपली जागा धरी. म्हणून त्याच्या भोवतालचे घर किंचित सैल ठेवले तरी चाले. सैलपणा म्हणजे अचूकपणात थोडी उणीव. परंतु तोच सैलपणा वाळूच्या चार कणांना वाट देतो. अगदी घट्ट बसविलेले यंत्र प्रदर्शनात शोभते, सैल यंत्र खंदकात चालते. पुढे १९४९ मध्ये सोव्हिएत सैन्याने स्वीकारलेल्या कलाश्निकोव्हच्या बंदुकीची रचना अगदी वेगळी. पण तिच्या टिकाऊपणाच्या मुळाशीही काही अंशी हेच तत्त्व आहे.

या तत्त्वाची परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. कॅनडाच्या सैन्याजवळ तेव्हा रॉस नावाची रायफल होती. नेमबाजीच्या मैदानावर ती अत्यंत अचूक, आणि तिच्या मंत्रिमंडळातील पुरस्कर्त्यांना तिचा अभिमानही मोठा. १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्र येथील लढाईत चिखल व सततचा गोळीबार यांनी तिचा बोल्ट अडकू लागला. लाथा मारून तो उघडण्याची पाळी सैनिकांवर आली. शेकडो कॅनेडियन सैनिकांनी आपल्या बंदुका टाकून दिल्या आणि रणांगणात पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एन्फील्ड उचलल्या. पुढल्या वर्षी सरकारलाही तेच करावे लागले. ज्या देशाने अभिमानापोटी ही बंदूक नाकारली, त्याच देशाच्या उत्तर ध्रुवाकडील हिमप्रदेशात गस्त घालणाऱ्या रेंजर दलाने ती १९४७ पासून जवळजवळ सत्तर वर्षे वापरली, कारण हाडे गोठविणाऱ्या थंडीतही ती दगा देत नसे. इतिहास असा कधी कधी सौम्यपणे हसतो.

हिंदी सैनिकांचा या बंदुकीशी संबंध मात्र इतका सरळ नाही, आणि तो समजून घेण्यासाठी पुन्हा त्या लोहमार्गाकडे वळले पाहिजे. १८५७ च्या जानेवारीत चरबीच्या काडतुसांची कुजबुज प्रथम दमदमच्या छावणीत उठली, आणि २९ मार्च रोजी बराकपूरच्या कवायतीच्या मैदानावर मंगल पांडे उभा राहिला. ती काडतुसेही एन्फील्डच्याच एका जुन्या रायफलीची होती. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी जो धडा घेतला तो असा की, हिंदी सैनिकाच्या हाती गोऱ्या सैनिकापेक्षा एक पायरी जुने शस्त्र द्यावे. हा नियम अर्धशतकाहून अधिक काळ चालला. १९१४ मध्ये हिंदी पलटणी फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांच्या जुन्या नमुन्याच्या बंदुका तेथेच बदलून नव्या द्याव्या लागल्या. विश्वास ठेवण्याची वेळ आली ती मरण समोर ठाकल्यावर!

त्याच युद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या, पुणे, डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कोकणातली व घाटावरची ही माणसे तैग्रिस नदीच्या काठी धूळ, पूर व उपासमार सोशीत कूटच्या वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ रोजी वेढ्यातील सैन्याने शरणागती पत्करली ती अन्न संपले म्हणून. माणसांचा टिकाऊपणा बंदुकीहून कमी नव्हता. पण माणसाला भाकरी लागते, एवढाच फरक.

दमदमची दुसरी अपकीर्ती त्या आधीची. तेथील शस्त्रशाळेत १८९० नंतरच्या दशकात याच ०.३०३ मापाची, शरीरात शिरल्यावर पसरणारी गोळी तयार झाली. ‘दमदम’ हा शब्द जगाच्या कोशांत गेला तो असा. १८९९ च्या हेगच्या परिषदेने अशा गोळ्या निषिद्ध ठरविल्या. इच्छापूरची कथा यापेक्षा सौम्य आहे. तेथे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कंपनीचा दारूचा कारखाना होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या जागी रायफलींचा कारखाना उभा राहिला. इंग्रजी यंत्रावर हिंदी हातांनी बंदुका घडू लागल्या, आणि त्या हातांनी तिच्यात आपली भरही घातली. आपल्याकडील दमट हवेत व उन्हात पुढचे लाकूड फाके. म्हणून मॅगझिनच्या पुढे एक आडवा स्क्रू घालून ते आवळण्याची युक्ती निघाली. जुन्या शस्त्रांचे जगभरचे संग्राहक त्याला आजही ‘इशापूर स्क्रू’ म्हणून ओळखतात. कोणा अनाम कारागिराची ही सही म्हणावी. त्याच कारखान्यात काही बंदुकांचे मॅगझिन काढून, नळी मोठी करून, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या मस्केटीही बनल्या. त्या पोलीस व पहारेकरी यांच्यासाठी. १८५७ चा अविश्वास असा पोलादात उतरला होता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही बंदूक दुर्लक्ष सोसते, असे म्हणतात; परंतु जे तिला घडविणारे होते त्यांनी दुर्लक्ष गृहीत धरले नव्हते. तिच्या दस्त्याच्या मागील टोकाला पितळी झाकण असते. ते उघडले की आत तेलाची लहानशी बाटली आणि नळी साफ करावयाची वजनदार दोरी निघते. म्हणजे बंदुकीने आपल्या शुश्रूषेचे साहित्य आपल्याच पोटात बाळगले आहे. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतील रसायनाने नळीत क्षार साचत व गंज चढे; म्हणून गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतून, ती कोरडी करून, तेल देण्याचा दंडक होता. शिपायाचा दिवस संपला तरी बंदुकीची सेवा संपत नसे. सोशिकपणा हा तिचा गुण खरा. पण त्याच्यामागे रोजच्या दहा मिनिटांची निगा होती.

आता त्या शापाकडे येऊ. जे मोडते ते बदलावे लागते. जे मोडत नाही ते बदलण्याची निकड कोणालाच वाटत नाही. आम्ही स्वतः कारकून आहोत. साठ्याच्या नोंदवहीत ‘वापरण्यायोग्य’ असा शेरा पडला की ती वस्तू पुढील वर्षी, आणि त्याच्याही पुढील वर्षी, त्याच शेऱ्यानिशी पुढे सरकत राहते, हे आम्ही नित्य पाहतो. शेरा खोटा नसतो. वस्तू खरोखरच वापरण्यायोग्य असते. परंतु ‘कशासाठी वापरण्यायोग्य?’ हा रकाना त्या वहीत नसतो.

१९६२ च्या हिवाळ्यात हा रकाना भरला गेला. चिनी सैनिकांच्या हाती आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या. आपल्या बहुतेक जवानांच्या हाती प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागेपुढे करावयाची थ्री-नॉट-थ्री. १८ नोव्हेंबर रोजी लडाखमध्ये सोळा हजार फुटांवरील रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊँ पलटणीची एक कंपनी जवळजवळ अखेरच्या माणसापर्यंत लढली. पुढल्या फेब्रुवारीत बर्फातून त्यांचे देह सापडले, ते आपापल्या मोर्चात, शस्त्रे हाती धरलेले. बंदूक मोडली नव्हती आणि माणसेही मोडली नव्हती. अपुरे पडले होते ते दुसरेच काही. त्या आघातानंतर इच्छापूरने १९६३ पासून याच जुन्या रचनेची ७.६२ मिलिमीटर मापाची रायफल अधिक मजबूत पोलादात घडविली, आणि स्वयंभरणाची नवी रायफलही सैन्याच्या हाती आली.

सैन्यातून निवृत्त झालेली थ्री-नॉट-थ्री पोलिसांकडे गेली आणि राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये दोन अतिरेकी कलाश्निकोव्ह घेऊन शिरले, तेव्हा त्यांच्यासमोर काठ्या व थ्री-नॉट-थ्री घेतलेले शिपाई होते. तेथे पन्नासहून अधिक माणसे मेली. त्याच रात्री गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ काठी असताना मारेकऱ्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली व प्राण दिला. नंतरच्या चौकशीत पोलिसांची शस्त्रे, दारूगोळा आणि सराव या साऱ्यांतील उणिवांची चर्चा झाली. आम्हांस वाटते, त्या रात्री एक जुनी बंदूक हरली असे म्हणणे तिच्यावर अन्याय आहे. तिचे काम तिने पन्नास वर्षांपूर्वीच पूर्ण केले होते. तिला उभे ठेवणारे आपण होतो. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला समारंभपूर्वक निरोप दिला. शतकाहून अधिक काळ खपलेल्या सेवकाला निरोपाचा मान मिळाला, हे चांगलेच झाले. तो फार उशिरा मिळाला, हेही तितकेच खरे.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त गडांच्या प्रकरणी एक बारीकशी सूचना आहे. पावसाळ्यात तोफांना आणि गडाच्या दरवाजांना तेल व मेण द्यावे, तोफांचे काने मेणाने भरावे, आणि काही वाया जाणार नाही अशी जपणूक करावी, असा तिचा आशय. ज्यांनी औरंगजेबाशी सत्तावीस वर्षांचे युद्ध पाहिले, त्यांना मेणाच्या गोळ्याचा उल्लेख करण्यात कमीपणा वाटला नाही. पितळी झाकणाखालची तेलाची बाटली आणि अमात्यांचे मेण यांचा उपदेश एकच आहे. वस्तू आपोआप टिकत नाही. कोणीतरी ती टिकवीत असतो. आणि जो टिकवितो, त्याच्याकडेच ती केव्हा खाली ठेवावी हे ठरविण्याचेही कर्तव्य येते.

इच्छापूरच्या स्थानकावर सायंकाळच्या पाळीचे कामगार गाडीत चढतात, तेव्हा आमची दृष्टी नकळत त्यांच्या हातांकडे जाते. दुसऱ्या दिवशी आम्ही आपल्या टेबलापाशी बसून साठ्याची वही उघडतो, ‘वापरण्यायोग्य’ हा शब्द लिहू लागतो, आणि क्षणभर थांबतो. तेवढे थांबणे जरी या जुन्या बंदुकीने शिकविले असेल, तरी तिचे आमच्यावरील ऋण लहान नव्हे.