लागोसच्या दारात इबोला

20 जुलै 2014, रविवार. मन्रोव्हियाहून लोमेमार्गे निघालेला एक लायबेरियन अधिकारी नायजेरियातल्या लागोसला उतरतो आणि विमानतळावरच कोसळतो. विमानात त्याला उलट्या झाल्या आहेत. सरकारी डॉक्टर संपावर असल्याने त्याला ओबालेंडेतल्या एका खासगी रुग्णालयात नेतात.

रात्र. ताप, अशक्तपणा. इबोलाची सुरुवात अगदी मलेरियासारखी दिसते. उपचारही मलेरियाचेच सुरू होतात. इबोलाच्या रुग्णाशी संपर्क आल्याचं तो नाकारतो. त्याची बहीण त्याच महिन्यात इबोलाने गेली आहे.

पुढचे 48 तास. ताप हटत नाही. रुग्णालयातल्या डॉ. अमेयो अडाडेवो यांनी इबोलाचा एकही रुग्ण आजवर पाहिलेला नाही, पण लायबेरियात साथ आहे हे त्यांच्या डोक्यात पक्कं आहे. त्या तपासणी करायला लावतात. विलगीकरण कक्ष नाही, म्हणून रुग्णाच्या दारापुढे लाकडी अडसर उभा करून घेतात.

23–24 जुलै. रुग्णाला कालाबार शहरातल्या एका परिषदेला जायचं आहे. त्याला सोडा, असा लायबेरियाचा दबाव वाढतो. डॉक्टर ठाम नकार देतात. बाहेर सुमारे दोन कोटींचं शहर आहे. हा विषाणू हवेतून पसरत नाही. रक्त, उलटी, जुलाब यांच्या स्पर्शातून पसरतो, आणि आजार बळावतो तसा अधिकच. एक तरुण डॉक्टर हातमोजे न घालता सलाइनची पिशवी सारखी करते. पुढे तिलाही लागण होते, ती वाचते.

25 जुलै. रुग्णाचा मृत्यू. मृतदेहातूनही लागण होत असल्याने दहन.

त्यानंतर. लक्षणं दिसायला 2 ते 21 दिवस लागतात, म्हणून संपर्कातल्या प्रत्येकावर 21 दिवस नजर. पोलिओ मोहिमेची यंत्रणाच या कामाला जुंपली जाते: 894 माणसं, सुमारे 18,500 भेटी. तरीही एकजण निसटून पोर्ट हारकोर्टला जातो. त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर दगावतो. 19 ऑगस्टला डॉ. अडाडेवो यांचाही इबोलाने मृत्यू होतो.

20 ऑक्टोबर. नवा रुग्ण न सापडता 42 दिवस उलटले, नायजेरिया इबोलामुक्त. एकूण 20 रुग्ण, 8 मृत्यू.

झैर प्रकारच्या इबोलावर 2019 पासून मान्यताप्राप्त लस आहे. बाकीच्या प्रकारांना ती लागू नाही. तेव्हा डॉक्टरांनो, तापाच्या रुग्णाला कुठून आलात हे विचाराच. आणि रुग्णांनो, खरं सांगा.