खडकीची युद्ध दफनभूमी : समतेचे तत्त्व आणि नावांचा प्रश्न

पुण्यालगतच्या खडकी येथील 'वॉर सिमेट्री' हे केवळ प्रेक्षणीय स्थळ नसून, साम्राज्याने आपल्या मृत सैनिकांची नोंद कशी ठेवली हे सांगणारे इतिहासाचे एक साधन आहे. दुसऱ्या महायुद्धकाळातील पश्चिम व मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींची कायमची निगा राखण्याची शाश्वती नव्हती, त्या येथे एकत्र आणण्यात आल्या. अशा १,६६८ कबरी येथे आहेत. आवारातील स्मारक पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांचे आहे. त्यांपैकी ६२९ जणांचे अवशेष जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून येथे हलविण्यात आले. दुसऱ्या महायुद्धातील १९३ पूर्व व पश्चिम आफ्रिकी सैनिकांचेही येथे स्मरण केलेले आहे.

या व्यवस्थेमागे १९१७ मध्ये स्थापन झालेल्या 'इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन'चे तत्त्व आहे. हुद्दा, वर्ग वा धर्म यांवरून मृतांत भेद करू नये, सर्वांच्या स्मृतिशिला सारख्या असाव्यात, असे या संस्थेने ठरविले. तत्कालीन समाजरचना पाहता हा निर्णय निःसंशय पुरोगामी होता.

तथापि खडकीच्या या भूमीवर एक प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो : मराठा पलटणींतील शिपायांची नावे कोठे आहेत? हिंदू सैनिकांवर धर्मानुसार अग्निसंस्कार होत असल्याने त्यांच्या बाबतीत स्मारकावर कोरलेले नाव हेच स्मृतीचे प्रमुख चिन्ह ठरते. फ्रान्समधील न्यूव्ह शापेल येथील १९२७ च्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत. याउलट मेसोपोटेमियात, जेथे मराठा पलटणी लढल्या, तेथील मृतांच्या बसरा स्मारकावर भारतीय तुकड्यांतील अधिकाऱ्यांची नावे आली. सामान्य शिपायांची मात्र केवळ संख्या कोरली गेली. ज्या सैन्यातील शिपाई युरोपात नावाने ओळखला गेला, त्याच सैन्यातील शिपाई आशियात आकडा ठरला.

ही विषमता अनवधानाची नव्हती, याची कबुली राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातून मिळते. सुमारे ४५,००० ते ५४,००० मृतांचे, प्रामुख्याने भारतीय, आफ्रिकी व इजिप्ती सैनिकांचे, स्मरण असमान रीतीने झाले. किमान १,१६,००० जणांचे नावानिशी स्मरण झाले नाही वा स्मरणच झाले नाही, असे त्यात नमूद आहे. आयोगाने त्याबद्दल क्षमाही मागितली.

सारांश, खडकीची भेट विद्यार्थ्यांना दुहेरी वाचन शिकवू शकते. शिलेवरील नाव वाचताना, जे नाव शिलेपर्यंत पोहोचलेच नाही त्याचाही शोध घेणे, हे इतिहासाच्या अध्यापनाचे कर्तव्य आहे.