तीन खंडांतला दिमाख

कादंबरी तीन खंडांत का छापायची, हे वाचनालय चालवणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. पहिला खंड एका घरात, दुसरा शेजारच्या आळीत, तिसरा आणखी कुणाकडे. एकाच पुस्तकावर तीन सभासदांची वर्गणी चालते. सांगलीत वडिलांनी काढलेलं वाचनालय मी सांभाळते. कुमुदिनी रांगणेकर आणि बाबा कदम यांच्या कादंबऱ्यांसाठी नंबर लावून बसणारे वाचक मी लहानपणापासून पाहिले. म्हणूनच इंग्लंडातल्या वाचनालयांचा इतिहास वाचायला घेतला, आणि त्यात एका विस्मरणात गेलेल्या धंद्याशी येऊन थांबले. श्रीमंतांच्या लग्नाच्या बाजाराची टर उडवणाऱ्या, आणि त्याच श्रीमंतीचं वर्णन पानोपानी करणाऱ्या कादंबऱ्यांचा हा धंदा साधारण १८२५ ते १८४५ या काळात लंडनमध्ये तेजीत होता.

१८२१ साली वॉल्टर स्कॉटची ‘केनिलवर्थ’ तीन खंडांत ३१ शिलिंग ६ पेन्सांना निघाली, आणि नव्या कादंबरीची हीच किंमत पुढे सत्तर वर्षं टिकली. शेतमजुराला तेव्हा आठवड्याला १० शिलिंगांच्या आसपास मिळत. एवढं महाग पुस्तक विकत घेणार कोण? वाचनालयं. त्यांचे सभासद म्हणजे व्यापाऱ्यांची, वकिलांची, गिरणीवाल्यांची कुटुंबं. हाती पैसा आलेला, पण सरदारांच्या दिवाणखान्यात पाऊल टाकायला मिळालेलं नाही, असा हा वर्ग. त्याची भूक हेन्री कोलबर्न या प्रकाशकाने ओळखली. ‘न्यू मंथली मॅगझीन’ हे मासिक त्याचं स्वतःचं होतं, इतर पत्रांतही त्याचा हात पोचत असे. कादंबरी यायच्या आधीच मजकूर छापून यायचा: लेखक फार मोठ्या घरातला आहे, नाव सांगता येत नाही, पात्रं खरी आहेत, ओळखा पाहू. निनावी पुस्तकाची उत्सुकता अशी वाढत जाई. मला हा माणूस आवडत नाही, पण वाचकाची नाडी त्याच्याइतकी कुणाला कळली नव्हती हे मान्य करावंच लागतं.

१८२७ साली समीक्षक विल्यम हॅझलिट यांनी या मंडळींवर कडक लेख लिहिला. थोर लोक मासळी चांदीच्या काट्याने खातात, एवढंच सांगण्यात हे लेखक धन्यता मानतात, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हापासून या पुस्तकांना ‘चांदीच्या काट्यांच्या कादंबऱ्या’ हे नाव चिकटलं. तक्रार खरी होती, पण अपुरी. दिमाखाचं वर्णन वाचायला मिळावं म्हणून लोक पुस्तक नेत, आणि त्या दिमाखामागचा हिशेब उघडा पडताना पाहून सुखावत. दोन्ही गोष्टी एकाच पानावर मिळत होत्या.

हा हिशेब समजायला किंग स्ट्रीटवरची एक इमारत पाहावी लागते. विल्यम ऑलमॅक याने १७६५ साली सेंट जेम्स भागात नाचासाठी ‘ऑलमॅक्स’ ही दालनं उघडली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे सीझनमध्ये, म्हणजे बड्या लोकांच्या नाच-मेजवान्यांच्या मोसमात, दर बुधवारी बॉल होई, आणि प्रवेश कुणाला द्यायचा हे सहा-सात उच्चकुलीन स्त्रिया ठरवत. लेडी जर्सी, लेडी कौपर, प्रिन्सेस एस्टरहाझी, काउंटेस लीव्हेन ही त्यांतली गाजलेली नावं. त्या सोमवारी बसून यादी तपासत. वर्गणी १० गिनी, पण नुसत्या पैशाने दार उघडत नसे. पायदळाच्या गार्ड पलटणींतल्या तीनशे अधिकाऱ्यांपैकी जेमतेम पाच-सहांना प्रवेशपत्र मिळे, असं कॅप्टन ग्रोनॉने आठवणींत लिहिलं आहे. रात्री अकराला दार बंद, आणि उशिरा आलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनलाही परत पाठवलं, असं सांगतात. आत खायला काय? लोणी लावलेले पातळ पाव, सुका केक, चहा, लिंबाचं सरबत. दारू नाही. लोक खाण्यासाठी जात नव्हतेच. उपवर मुलीला या नाचाचं प्रवेशपत्र मिळालं नाही, की तिच्या आईचा सगळा सीझन फुकट गेल्यासारखा होई.

१८२६ साली ‘ऑलमॅक्स’ याच नावाची तीन खंडांची निनावी कादंबरी आली. लेखिका मॅरिअन स्पेन्सर-स्टॅनहोप. यादी करणाऱ्या त्या स्त्रियांनाच तिने पात्रं केलं. कोणतं पात्र म्हणजे प्रत्यक्षात कोण, हे सांगणारी चोपडीही लवकरच बाजारात आली. ज्यांना ते दार कधीच उघडणार नव्हतं, त्यांनी वाचनालयाच्या वर्गणीत आतला सगळा कारभार पाहून घेतला.

त्याच वर्षी कोलबर्नने ‘व्हिव्हियन ग्रे’ निनावी छापली. लेखकाला २०० पौंड दिले. ही बडी असामी कोण, याची चर्चा झाली आणि निघाला एकवीस वर्षांचा बेंजामिन डिझरायली, एका लेखकाचा मुलगा. पुढे त्याने ‘द यंग ड्यूक’ लिहिली, तेव्हा ड्यूक मंडळींबद्दल आपल्या बेनला काय ठाऊक, असं वडिलांनीच विचारल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. १८२८ साली एडवर्ड बुलवर लिटनच्या ‘पेलॅम’ला ५०० पौंड मिळाले. छानछोकी तरुणाच्या तोंडून सांगितलेली ही कादंबरी इतकी चालली की पुरुषांचा काळा संध्याकोट रूढ होण्याचं श्रेय तिला दिलं जातं.

इथे हा इतिहास थेट आपल्या दारात येतो. डिझरायली पंतप्रधान झाला, आणि त्याने १८७६ साली बुलवर लिटनच्या मुलाला, रॉबर्ट लिटनला, व्हाइसरॉय करून हिंदुस्थानात पाठवलं. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत राणी व्हिक्टोरियाला सम्राज्ञी घोषित करणारा दरबार भरला तेव्हा दख्खन दुष्काळात होरपळत होतं. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची दुष्काळाची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडत होती. सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, हाताने कातलेल्या सुताच्या कपड्यांत त्या दरबारात हजर राहिले. दुसऱ्याच वर्षी लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला. दिमाख कसा मांडायचा हे ज्या दोन घरांना कादंबरीतून इतकं नेमकं कळलं होतं, त्यांच्याच हातून तो दुष्काळाच्या उरावर मांडला गेला, याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

कादंबऱ्यांच्या या धंद्यातली सर्वांत चांगली लेखणी मात्र डिझरायली किंवा बुलवर लिटन यांची नव्हती. ती कॅथरीन गोर यांची. गोरबाईंचं लग्न १८२३ साली एका लष्करी कॅप्टनशी झालं. दहा मुलं झाली, त्यांतली दोनच जगली. घरखर्चाचा मोठा भार लिहिण्यावर होता, आणि त्यांच्या नावावर सत्तरच्या आसपास पुस्तकं आहेत. नाटकंही लिहिली, ‘क्विड प्रो क्वो’ला १८४४ साली ५०० पौंडांचं बक्षीस मिळालं. ‘मदर्स अँड डॉटर्स’मध्ये त्यांनी मुलींना बड्या घरात देण्यासाठी धडपडणारी आई उभी केली. ‘सेसिल’ ही एका छानछोकी पुरुषाची आत्मकथा १८४१ साली निनावी निघाली, आणि ती एका बाईने लिहिली असेल हे बहुतेक वाचकांच्या मनातही आलं नाही. कादंबरीकार थॅकरेने त्यांच्या शैलीचं विडंबन केलं, आणि पुढच्या पिढ्यांनी मूळ न वाचता विडंबनावरच विश्वास ठेवला. हे अन्यायाचं आहे. गोरबाईंच्या विनोदात दर वस्तूची किंमत माहीत असते: गाडी कुणाच्या कर्जावर आली, हुंड्याचा आकडा केव्हा बदलला, दुकानदाराचं बिल कुणी थकवलं. पुरुष लेखक कोटाच्या कापावर थांबतात तिथून त्यांचं लिहिणं सुरू होतं.

१८४३ साली त्यांनी ‘द बँकर्स वाइफ’ लिहिली. बाहेर इभ्रत, आत पोकळ झालेली पेढी, आणि ठेवीदारांच्या पैशावर चाललेला घरचा थाट, असं कथानक. कादंबरी अर्पण केली होती सर जॉन डीन पॉल यांना. १८५५ साली पॉल यांच्याच नावाची पेढी, स्ट्रॅहन, पॉल अँड बेट्स, बुडाली. ग्राहकांचे रोखे परस्पर विकले गेले होते. भागीदारांना १४ वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गोरबाईंचे २०,००० पौंड गेले. तोवर त्यांची दृष्टीही अधू होत चालली होती. १८६१ साली त्या वारल्या.

या सगळ्या ढिगातून एकच कादंबरी मराठीत आणायला कुणी सांगितलं, तर मी ‘पेलॅम’ नाही निवडणार, ‘व्हिव्हियन ग्रे’ही नाही. ‘द बँकर्स वाइफ’ आणीन. आमच्या भागात लोक बँक बुडाल्यावर तिच्या दारात पासबुकं घेऊन उभे राहिलेले आहेत. ही कादंबरी त्यांना दिली तर ती पहिल्या आठवड्यातच नंबरावर जाईल, याची मला खात्री आहे.