म्हातार्‍यांची भाषा आणि मुलांचे पुस्तक

मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी, हा प्रश्न शिक्षकांच्या सभांतून पुनःपुन्हा निघतो. तो विचारताना मूल आणि पुस्तक एवढेच दोन घटक आपल्यापुढे असतात. त्या दोहोंमधली भाषा कुणाची, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही अकोटचे. सातपुड्याच्या पायथ्याशी, कापसाच्या मुलखात वाढलो. आम्हांस हा प्रश्न पहिल्या इयत्तेतच पडला होता, मात्र तो प्रश्न आहे हे कळायला पुढची बरीच वर्षे जावी लागली. घरी आम्ही ‘डोया’ म्हणत असू. पुस्तकात ‘डोळा’ छापलेला होता. ‘मले’ म्हटले की गुरुजी ‘मला’ म्हणवून घेत. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण पुस्तक हे आपल्या आईच्या तोंडचे नव्हे, एवढे त्या पहिल्या पानावरच मनात ठसले.

याचे नवल अशासाठी की, मराठी गद्य प्रथम पोथीत उतरले ते याच वऱ्हाडात. अकोटच्या पूर्वेस, अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी तेथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चक्रधरांच्या तोंडचे दृष्टान्त केशोबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केले. हे दृष्टान्त म्हणजे मुलांना सहज सांगता याव्यात अशा छोट्या छोट्या गोष्टीच. हत्ती चाचपून पाहणार्‍या आंधळ्यांची कथा कोणत्या मुलाला आवडणार नाही? याच केशोबासांच्या मनात पुढे संस्कृतात ग्रंथरचना करावयाचे आले, तेव्हा भटोबासांनी त्यांना अडविले. आपल्या पंथातल्या म्हातार्‍या त्यामुळे वंचित होतील, हे कारण त्यांनी दिले. ही आठवण ‘स्मृतिस्थळा’त नोंदलेली आहे. भाषेच्या इतिहासात हा प्रसंग नेहमी मराठीच्या अभिमानासाठी सांगितला जातो. आम्हांस तो शिक्षकाचा प्रसंग वाटतो. ऐकणारा कोण आहे हे आधी पाहून मग भाषा ठरविणारा हा आचार्य होता.

पुढे हे वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींच्या खटपटीने बाहेर आले. मधल्या काळात छापील मराठीचे वळण मुंबई-पुण्याकडे ठरून गेले होते. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ 1828 सालचे. बर्क्वँ या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी इंग्रजीच्या वाटेने त्यात आल्या. मेजर कँडींनी शालेय पुस्तकांची भाषा तपासून एका साच्यात बसविली. वऱ्हाड तेव्हा निजामाकडे होते. 1853 साली त्याचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. म्हणजे हा साचा घडत असताना वऱ्हाडचा शिक्षक त्यात कोठेच नव्हता. प्रमाणभाषा नसावी असे आमचे म्हणणे नाही. हा लेखही तिच्यातच लिहीत आहोत. पण प्रमाणभाषा शिकविणे वेगळे आणि तिच्यासाठी मुलाला त्याच्या तोंडच्या बोलीची लाज वाटायला लावणे वेगळे. लाज वाटली की मूल वर्गात मोठ्याने वाचत नाही, आणि मोठ्याने न वाचणारे मूल पुढे मनातही वाचीनासे होते. (अकोटच्या उत्तरेस मेळघाटातल्या कोरकू मुलाची गोष्ट तर आणखी अवघड. त्याची भाषा मुंडा कुळातली. त्याला ‘डोया’ही परका आणि ‘डोळा’ही.)

गोडी ज्यांनी खरोखर लावली, त्यांनी काय केले ते पाहावे. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. तेथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून एक दैनिक काढीत. त्यावर परीक्षा नव्हती, गुण नव्हते. आपल्या ओळखीचा माणूस आपल्यासाठी रोज काही लिहितो, एवढेच मुलांना ठाऊक होते. वाचनासाठी याहून मोठे निमित्त कोणते? गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका हेच दुसर्‍या वाटेने करीत होते. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक वर्गात आल्यावर पाठ्यपुस्तक उघडीत नाही, गोष्ट सांगू लागतो. मुले गोष्टीत पुरती गुंतली, म्हणजे मग गोष्टींची पुस्तके त्यांच्यापुढे ठेवतो. क्रमिक पुस्तकांचे पैसे एकत्र करून त्यांतून वर्गाचे वाचनालय उभे करण्याची त्याची युक्ती आजही धाडसाची वाटेल. 1923 पासून गिजुभाईंच्या बरोबरीने काम करणार्‍या ताराबाई मोडक त्याआधी काही वर्षे अमरावतीत संसार करून होत्या, ही गोष्ट वऱ्हाडात फारशी कोणाला आठवत नाही. तशी आठवण ठेवण्यात आम्ही वऱ्हाडी कच्चेच.

दोन्हीकडे आधी कान आहे, डोळा मागून येतो. ऐकण्याची सवय वऱ्हाडात काही कमी नव्हती. गाडगेबाबांच्या कीर्तनाला हजारोंनी माणसे बसत, आणि ते बोलत तेही लोकांच्याच बोलीत. कमी होते ते ऐकणे आणि वाचणे यांमधले दार. आमच्यापुरते ते दार फार उशिरा, महाविद्यालयात उघडले. उद्धव शेळके यांची ‘धग’ (1960) हाती आली आणि कौतिकच्या तोंडी आमच्या घरची बोली छापलेली दिसली. त्या दिवशी वाटलेला आनंद सातव्या वर्षी वाट्याला आला असता तर, असे आजही वाटते.

रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले. त्याचा अभ्यासक्रम विद्वान ठरवतील. आम्ही मागे तालुक्यातल्या एका शाळेत हत्तीचा दृष्टान्त प्रथम वऱ्हाडीत सांगितला, मग तोच फळ्यावर प्रमाण मराठीत लिहून मुलांकडून वाचून घेतला. ‘आंधळ्यांनी’ या शब्दापाशी एक मुलगी थबकली. क्षणभर आमच्याकडे पाहून तिने ‘आंधयाइनं’ असे वाचले, आणि न थांबता शेवटच्या ओळीपर्यंत गेली. आम्ही तिला थांबविले नाही.