मोजलेलीं माणसें

माणसांची गणती करणें आणि माणसांस जाणणें ह्या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें ग्रीस व तुर्कस्तान ह्यांच्यामध्यें ३० जानेवारी १९२३ रोजीं लोझान येथें झालेला करार अवश्य पाहावा.

१९२२ मध्यें अनातोलियांत ग्रीक सैन्याचा पराभव झाला, स्मर्ना शहर जळालें आणि लक्षावधि ख्रिस्ती लोक समुद्र ओलांडून ग्रीसच्या आश्रयास आले. त्यांच्या साहाय्याचें काम राष्ट्रसंघानें फ्रिट्यॉफ नान्सेन ह्यांजकडे सोंपविलें. हे गृहस्थ मूळचे प्राणिशास्त्रज्ञ व ध्रुवप्रदेशाचे संशोधक. नागरिकत्व गमावलेल्या रशियनांस प्रवासाचा परवाना देणारा ‘नान्सेन पासपोर्ट’ त्यांच्याच खटपटीनें त्या वर्षीं निघाला होता, आणि शांततेचें नोबेल पारितोषिकहि त्यांस त्याच वर्षीं मिळालें. असें असूनहि ग्रीस-तुर्कस्तानच्या प्रश्नावर ह्याच सहृदय पुरुषानें लोकसंख्येच्या अदलाबदलीचा पुरस्कार केला.

ह्या कराराची कसोटी एकच, ती म्हणजे धर्म. भाषा कोणती, जाण्याची इच्छा आहे कीं नाहीं, हें कोणीं विचारलें नाहीं. कापादोकियांतील ऑर्थोडॉक्स कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या तुर्की बोलत; त्यांस ‘स्वदेशीं’ म्हणून ग्रीसला धाडण्यांत आलें. क्रीटमधील मुसलमानांची मायबोली ग्रीक. ते तुर्कस्तानांत परके ठरले. एकंदर सुमारें १२ लक्ष ख्रिस्ती व साडेतीन ते चार लक्ष मुसलमान ह्यांचा ह्या उलथापालथींत देश बदलला. त्यांतील बहुतेक ख्रिस्ती करारापूर्वींच पळून आले होते. करारानें त्यांची परतीची वाट तेवढी बंद केली.

पुनर्वसनाचें काम मात्र निष्ठेनें झालें. त्यासाठीं नेमलेल्या मंडळानें कर्ज उभारून मॅसिडोनियांत जमिनी, घरें, जनावरें व बियाणें दिलीं. हिंदुस्थानांत सनदी नोकरी केलेले सर जॉन होप सिम्प्सन पुढें ह्या मंडळाचे उपाध्यक्ष झाले, आणि १९३९ मध्यें त्यांनीं जगांतील निर्वासितांची विस्तृत पाहणी ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. परंतु १९३८ मध्येंच एव्हियाँ येथें ३२ राष्ट्रांचे प्रतिनिधि जमून, ज्यू निर्वासितांस बहुतेकांनीं आपलीं दारें बंदच ठेविलीं होतीं. ज्ञान आलें तें निर्णयाच्या मागून!

त्याहून खेदाची गोष्ट अशी कीं, राज्यकर्त्यांच्या स्मरणांत लोझानचे आंकडे राहिले, माणसें राहिलीं नाहींत. १९३७ मध्यें पॅलेस्टाइनच्या फाळणीची शिफारस करतांना पील आयोगानें ह्याच अदलाबदलीचा दाखला पुढें केला.

१९४७ नंतर कल्याणजवळील लष्करी छावणींत सिंधी कुटुंबांस आसरा घेतांना ज्या महाराष्ट्रानें पाहिलें, त्यास ह्या इतिहासाचें मर्म निराळें सांगावयास नको. अभ्यासकानें मोजावें, मुत्सद्द्यानें ठरवावें, सेवकानें राबावें हें सर्व योग्यच. पण ज्याचें घर सुटावयाचें आहे त्यास प्रथम विचारलें नाहीं, तर ह्या तिघांचेहि श्रम एका अन्यायाची नीटनेटकी व्यवस्था लावण्यांतच खर्ची पडतात.